हलत्या रोहिणीचे माप



दिवसभराचा उकाडा सोसून झाल्यावर संध्याकाळच्या वाऱ्याला बसून व्याख्यान ऐकावे, या हेतूने आपण आलात. विषयपत्रिकेत 'हृदय' हा शब्द वाचून कोणाला काव्याची अपेक्षा वाटली असेल, कोणाला पथ्यपाण्याची. माझ्यापाशी दोन्ही नाहीत. मी बोलणार आहे ते एका मोजमापाविषयी. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे हृद्‌रोहिण्या, किती हलतात, कशा हलतात आणि ती हालचाल चित्रांवरून कशी मोजतात, एवढाच माझा विषय. विषय अरुंद आहे हे कबूल; पण त्या नळ्याही अरुंदच आहेत, आणि माणसाचा जीव त्यांच्यावर टांगलेला असतो.

हृदय रक्ताने भरलेले असते, परंतु त्या आतल्या रक्ताचा त्याच्या जाड भिंतीला फारसा उपयोग नाही. वखारीच्या रखवालदाराला आतल्या धान्यातले मूठभरही घेता येत नाही, त्याला आपला शिधा बाहेरूनच आणावा लागतो. तसाच हा प्रकार. हृदयातून महारोहिणी निघते न निघते तोच तिला दोन शाखा फुटतात, एक उजवी व एक डावी. डावीचे लगेच दोन फाटे होतात. एक हृदयाच्या पुढच्या अंगाने खाली उतरतो, दुसरा वळसा घालून मागे जातो. या मुख्य नळ्यांची जाडी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे मसाला लावलेल्या उदबत्तीएवढी. आमच्या भाषेने या नळीला रोहिणी हे नक्षत्राचे नाव दिले आहे. आकाशातल्या रोहिणीची जागा सरकलेली दिसायला ज्योतिर्विदाला वर्षानुवर्षे थांबावे लागते. ही छातीतली रोहिणी मात्र एका श्वासात कित्येक वेळा आपली जागा सोडून परत येते.

कारण ती हृदयाच्या पृष्ठभागाला चिकटलेली आहे, आणि हृदय स्वस्थ बसत नाही. पुष्कळांची समजूत अशी की हृदय मुठीसारखे मिटते आणि उघडते. तेवढेच असते तर आमचे काम सोपे होते. प्रत्यक्षात डावी जवनिका आकुंचन पावताना ओले धोतर पिळावे तशी पिळली जाते. शिवाय वरच्या कर्णिका आणि खालच्या जवनिका यांच्यामधली जी खाच, ती प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या टोकाकडे ओढली जाते. डाव्या बाजूस ती सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडी अधिक सरकते, उजव्या बाजूस दोन सेंटिमीटरपर्यंत. उजवी रोहिणी नेमकी या खाचेत बसलेली आहे. पुढच्या अंगाने उतरणारी रोहिणी स्नायूच्या लांबीला धरून असल्यामुळे तिला हिसके कमी बसतात. एकाच हृदयावरच्या दोन बहिणी. एकीच्या वाट्याला झोपाळा आला, दुसरीच्या वाट्याला गिरकी.

आता आपण म्हणाल, हलते तर हलू द्या, मोजता कशाला? याचे उत्तर देण्यापूर्वी हे कुतूहल किती जुने आहे ते सांगतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्दो दा विंचीने टस्कनीतील खाटकांची रीत पाहिली होती. ते डुकराला उताणे बांधून छातीतून हृदयात एक लांब टोकदार सळई खुपसत. लिओनार्दोचे डोळे त्या सळईच्या बाहेर राहिलेल्या टोकावर खिळले. आत हृदय हलले की छातीच्या भिंतीवर टेकलेली सळई तरफेसारखी फिरे आणि बाहेरचे टोक उलट दिशेने हलून किती हालचाल झाली ते दाखवी. बघायला क्रूर, पण हृदयाची हालचाल बाहेरून मोजण्याची कल्पना त्यात पुरेपूर आहे.

पुढे शंभरेक वर्षांनी विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा शोध लावला आणि १६२८ साली आपला ग्रंथ छापला. हृदयाची गती पाहू लागल्यावर ती इतकी चपळ वाटली की हे कोडे परमेश्वरालाच उलगडावे, असे आपल्यालाही वाटू लागले होते, हे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. मग त्याने युक्ती काढली. बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांची आणि मरणोन्मुख प्राण्यांची हृदये तो पाहू लागला, कारण ती सावकाश चालतात. हृदय आपल्याला आवरत नसेल तर सावकाश चालणारे हृदय शोधावे, ही हार्वेची युक्ती ध्यानात ठेवा. पावणेचारशे वर्षांनंतर कोट्यवधी रुपयांच्या यंत्राशेजारी उभे राहून आम्हीही जवळजवळ तेच करतो.

राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले. परंतु त्यांच्या उजेडात हृदयाची फक्त सावली दिसे, रोहिण्या दिसत नसत. आयोडीनयुक्त द्रव थेट हृद्‌रोहिणीत सोडला तर माणूस दगावेल, या भीतीने कोणी तसे धाडसही करीत नसे. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका सव्वीस वर्षांच्या तरुणाची तपासणी करीत होते. द्रव सोडायचा होता महारोहिणीत. पण नळीचे टोक घसरून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि सगळा द्रव तिच्यात गेला. तरुणाचे हृदय काही सेकंद थांबले. सोन्स ओरडले, 'खोक!' तो खोकला, आणि हृदय पुन्हा चालू झाले. भीतीने घाम फुटलेल्या त्या माणसाच्या मनात थोड्याच वेळात विचार आला की जे प्राणघातक म्हणतात ते घडले, आणि रोगी तर जिवंत आहे. त्या अपघातातून हृद्‌रोहिणीच्या चलच्चित्रणाचे शास्त्र उभे राहिले. जिवंत माणसाच्या छातीत रोहिणी कशी नाचते ते फिल्मच्या पट्टीवर उतरू लागले.

चलच्चित्र हाती आले की मोजमापाची सोय झाली. प्रत्येक चित्रात एकच ठिकाण ओळखावे, ते पुढच्या चित्रात कोठे गेले ते पाहावे, दोन चित्रांमधला काळ ठाऊक आहे, अंतराला काळाने भागावे. हिशेब इयत्ता सातवीचा. पण 'एकच ठिकाण' ओळखायचे कसे? गुळगुळीत नळीवर खूण कसली? येथे निसर्गच मदतीला आला. रोहिणीला जेथे फाटा फुटतो ती जागा चुकत नाही. रस्त्यावर मैलाचा दगड नसला तरी तिठा ओळखता येतो, तसे हे तिठे धरून संशोधकांनी रोहिणीची आणि तिच्याखालच्या स्नायूचीही चाल मोजली. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे १९७० च्या दशकात शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या स्नायूत टँटलम धातूच्या बारीकशा मळसूत्री खुणा बसवून मोजणी झाली. पण अशा खुणा प्रत्येकाच्या हृदयात कोण बसवणार?

दुसरी अडचण अशी की सावली सपाट असते. रोहिणी क्ष-किरणांच्या रोखाने पुढे-मागे सरकली तर सावलीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून एकाच वेळी दोन दिशांनी चित्रे घेतात. जमिनीची मोजणी करणारा मोजणीदार दोन ठिकाणांहून त्याच झाडावर दुर्बीण रोखतो आणि कोनांवरून झाडाची जागा काढतो. येथे तेच चालते, फक्त झाड सेकंदाला एकदा उडी मारते.

मात्र या सर्व प्रकारात हातातून किंवा जांघेतून नळी घालून ती हृदयापर्यंत न्यावी लागते. छातीत दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाला हे करणे बरे नाही. म्हणून सी.टी. यंत्राकडे वळावे लागले. लंडनमध्ये हौन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र काढले. मेंदू बिचारा शांत पडून असतो. हृदयाचे चित्र काढायला पुढची तीसेक वर्षे झटावे लागले, आणि त्या झटण्याचे कारण एकच, हालचाल.

आपल्यापैकी वयस्कर मंडळींना शाळेतला वार्षिक फोटो आठवत असेल. फोटोग्राफर काळ्या कापडात डोके घालून 'हलू नका' म्हणून बजावी, आणि नेमका त्याच वेळी एखादा दांडगा मान वळवी. फोटोत त्याला दोन नाके येत. रोहिणीचे तसेच होते. यंत्रातली क्ष-किरणांची नळी रोग्याभोवती फिरते. चित्र बनायला पूर्ण प्रदक्षिणा लागत नाही. शंकराच्या देवळात अर्ध्यावरून परततात, तशी येथेही अर्धी आणि वर थोडी पुरते. २००४ च्या सुमारास जी चौसष्ट थरांची यंत्रे आली, ती एक फेरा सेकंदाच्या एक तृतीयांश भागात पुरा करीत. म्हणजे एका चित्राला सुमारे ०.१६५ सेकंद.

आता रोहिणीचा वेग घ्या. जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी २००० साली तो मोजून प्रसिद्ध केला. त्यांचे यंत्र वेगळे होते. त्यात नळी फिरत नसे, इलेक्ट्रॉनांचा झोतच फिरे, त्यामुळे चित्र फार लवकर निघे. उजव्या रोहिणीचा सरासरी वेग निघाला सेकंदाला सुमारे ७० मिलिमीटर, मागे वळणाऱ्या डाव्या फाट्याचा ४८ च्या आसपास, आणि पुढून उतरणाऱ्या रोहिणीचा अवघा २२. ही सरासरी झाली. हिसक्याच्या क्षणी वेग याहून पुष्कळ अधिक असतो. सत्तराला ०.१६५ ने गुणा. साडेअकरा मिलिमीटर. चित्र पुरे होईपर्यंत रोहिणी स्वतःच्या जाडीच्या तिप्पट सरकून जाते! त्या चित्रात रोहिणी कसली, नुसता धुराचा लोट.

यावर अभियंत्यांनी यंत्र आणखी जोरात फिरवले. २००५ नंतर एकाच यंत्रात काटकोनात दोन नळ्या बसवल्या, म्हणजे प्रत्येकीने पाव फेरा केला की काम झाले. फेऱ्यांचा वेगही वाढवीत सेकंदाला चारपर्यंत नेला. कित्येक शे किलो वजनाचा तो साज त्या वेगाने गरगरतो तेव्हा त्याच्या कडेच्या भागांवर पृथ्वीच्या आकर्षणाच्या तीसपटीहून अधिक ताण येतो. एवढे करून चित्राचा काळ उतरला ०.०६६ सेकंदावर. पुन्हा सत्तराने गुणा, साडेचार मिलिमीटर. अजूनही रोहिणीच्या जाडीपेक्षा जास्तच! हालचाल एका मिलिमीटरच्या आत धरायची तर चित्र सेकंदाच्या सत्तराव्या भागात संपले पाहिजे, आणि तसे फिरणारे यंत्र आजही नाही. नुसत्या वेगाने वेगाला गाठता येत नाही, हे या गुणाकारांनी स्पष्ट केले. मला हा सगळा इतिहास याच ठिकाणी रंजक वाटतो. मोजमापाने यंत्राचे अपुरेपण दाखवले आणि वाटही दाखवली. प्रश्न 'किती लवकर' एवढाच नाही, 'केव्हा' हाही आहे.

झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो. हृदयाच्या ठोक्यातही रोहिणी दोनदा स्थिरावते. आकुंचन संपता संपता एक छोटा विसावा, आणि प्रसरणाच्या मध्यावर, जवनिका भरत आल्यावर, एक मोठा. ठोका मिनिटाला साठ असेल तर एक आवर्तन एक सेकंदाचे. त्यात सुमारे सत्तर-पंचाहत्तर टक्के काळ गेल्यावर हा मोठा विसावा सापडतो. ईसीजीच्या रेषेवर लक्ष ठेवून नेमक्या त्याच वेळी चित्र घेतात. याचा एक जादा फायदा असा की किरण सतत चालू ठेवावे लागत नाहीत. तेवढ्यापुरते उघडायचे आणि बंद करायचे, म्हणजे रोग्याच्या अंगावर किरणांची मात्राही कमी पडते. आणि एक योग पाहा. डाव्या जवनिकेच्या भिंतीत रक्त शिरते तेही मुख्यतः प्रसरणाच्याच काळात, कारण आकुंचनात पिळलेला स्नायू आपल्या आतल्या नळ्याच दाबून धरतो. हृदय निवांत असते तेव्हाच जेवते, आणि आम्ही त्याचा फोटोही त्या पंगतीत काढतो.

पण ठोका जलद झाला की? घरात कामाचा रगाडा वाढला म्हणजे गृहिणीच्या कामात कपात होत नाही, विसाव्यात होते. हृदयाचेही तसेच आहे. नाडी साठावरून नव्वदावर गेली की आकुंचनाचा काळ थोडाच घटतो. मोठी काट बसते ती प्रसरणाला, आणि मधला विसावा जवळजवळ नाहीसा होतो. मग आकुंचनाअखेरच्या छोट्या विसाव्यावर भागवावे लागते. म्हणून तपासणीपूर्वी रोग्याला बसवून ठेवतात, चहा-कॉफी वर्ज्य करतात, आणि दमा वगैरे आडकाठी नसेल तर नाडी मंदावणारे औषध देतात. या जातीचे पहिले यशस्वी औषध १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी दिले, आणि १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता आठवा हार्वेचे बेडूक. आम्ही सावकाश चालणारे हृदय शोधत हिंडत नाही, समोरच्यालाच सावकाश चालवतो, एवढाच फरक.

श्वासाची हालचाल निराळी. श्वास घेतला की छाती आणि पोट यांमधला पडदा खाली उतरतो आणि त्याच्यावर टेकलेले हृदय त्याच्याबरोबर काही अंशी उतरते. पडदा दहा मिलिमीटर उतरला तर हृदय सुमारे सहा, असा ठोकताळा चुंबकीय चित्रण करणारे वापरतात. तो माणसागणिक बदलतो, हे मात्र विसरून चालत नाही. सी.टी.त काही सेकंद श्वास रोखला की निभावते. ज्याला तेवढाही दम नाही, त्याच्या चित्रात रोहिणी मध्येच पायरीसारखी तुटलेली दिसते.

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आता देतो. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांची पाहणी झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीला हृद्‌रोहिणींचे सी.टी. चित्रण. २०१८ साली पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. हृद्‌रोहिणीच्या विकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ३.९, चित्रण झालेल्या गटात शेकडा २.३. चित्र स्वतः कोणाला बरे करीत नाही. पण रोग कोणाला आहे ते कळले म्हणजे योग्य औषध योग्य माणसाला मिळते. यातला प्रत्येक आकडा चित्र खरे असण्यावर अवलंबून आहे.

आणि हललेले चित्र खोटे बोलते. आडव्या छेदात उजवी रोहिणी एका ठिपक्यासारखी दिसली पाहिजे. हलली की तो ठिपका स्वल्पविरामासारखा वाकडा होतो, कधी दोन ठिपके उमटतात. अशा चित्रावरून लांबीचा छेद काढला की नळी मध्येच बारीक झालेली भासते. एका गृहस्थांच्या हाती असाच अहवाल पडला होता. उजवी रोहिणी 'गंभीर अरुंद'. घरात रडारड झाली, शस्त्रक्रियेसाठी पैशाची जुळवाजुळव सुरू झाली. चित्रण चालू असताना त्यांची नाडी अठ्ठ्याऐंशी होती, हे अहवालातच एका कोपऱ्यात छापलेले होते. पण ते कोण वाचतो! सुदैवाने मूळ माहिती जपलेली होती. आवर्तनाच्या दुसऱ्या भागातले, आकुंचनाअखेरचे चित्र काढून पाहिले तर तीच रोहिणी त्याच जागी चांगली मोकळी. याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा. हालचालीच्या धुरकटपणात खरी गाठ झाकली जाते आणि माणूस निर्धास्त मनाने घरी जातो.

म्हणून माझे मत असे आहे की 'या भागाचे चित्र हालचालीमुळे वाचता येत नाही' हे वाक्य ज्या अहवालात कधीच येत नाही, त्या अहवालांकडे जरा संशयाने पाहावे. रोग्याला हे वाक्य आवडत नाही. एवढे पैसे मोजले आणि वाचता येत नाही म्हणजे काय, असे तो विचारतो, आणि त्याचे विचारणे रास्त आहे. पण अंदाजाला निदानाचे कपडे चढवून त्याच्या हातात देण्यापेक्षा हे बरे.

अलीकडे संगणकाकडून एक नवी सोय झाली आहे. विसाव्याच्या थोडे आधीचे आणि थोडे नंतरचे चित्र घेऊन रोहिणी कोणत्या वाटेने गेली ते तो मोजतो आणि त्या वाटेचा हिशेब धरून चित्रातला धूर पुसून काढतो. येथे शत्रूच मित्र झाला. जी हालचाल चित्र बिघडवत होती, तिचेच माप चित्र सुधारायला लागले. पद्धत उपयोगाची आहे, मीही तिचा चाहता आहे. मात्र मोजून सुधारणे वेगळे, आणि पूर्वी पाहिलेल्या हजारो रोहिण्यांवरून 'येथे असे असावे' म्हणून भरून काढणे वेगळे. पहिल्यात पुरावा त्याच रोग्याच्या छातीतला आहे, दुसऱ्यात तो इतरांच्या छातीतला आहे. यंत्र विकणारा दोन्हींना एकाच नावाने हाक मारतो. वैद्याने तसे करू नये.

शेवटी हालचालीच्या मापाचा एक उपयोग सांगतो, जो चित्राच्या स्वच्छतेपलीकडचा आहे. अरुंद झालेल्या रोहिणीत धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. ती जाळी एकदा बसली की रोहिणीबरोबर वाकत राहते. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला लाखभर, दहा वर्षांत सदतीस कोटींच्या घरात. पत्र्याच्या डब्याची तार आपण दहा-वीस वेळा वाकवून हाताने तोडतो. येथे सदतीस कोटी वेळा! म्हणून कारखान्यात नमुन्याची जाळी यंत्रावर चाळीस कोटी वेळा हलवून पाहतात. पण कशी हलवायची? सरळ दाबायची, की वाकवायची, की पिळायची? ते रोहिणीची खरी चाल मोजल्याशिवाय कळणार नाही. प्रत्यक्ष माणसांत ज्या जाळ्या तुटलेल्या आढळतात, त्या उजव्या रोहिणीत अधिक आढळतात, आणि बिजागरीसारखी जेथे ती ठोक्याठोक्याला मुडपते तेथे विशेष. एर्लांगेनच्या त्या सत्तर मिलिमीटरांची आठवण येथे व्हावी.

आता एकाच ठोक्यात संपूर्ण हृदय टिपणारी रुंद यंत्रेही आली आहेत. सोळा सेंटिमीटरचा पट्टा एका फेऱ्यात. पायऱ्यांचा दोष त्यांनी घालवला, धुराचा घालवला नाही. आणि ज्यांच्या नाडीला ताळच उरलेला नाही, ठोका लवकर पडेल की उशिरा हे ज्यांच्या बाबतीत सांगता येत नाही, त्यांच्यापुढे आमची ईसीजीची युक्ती आजही अडखळते. तेथे पुढचा ठोका कधी येईल हे पाहण्याऐवजी मागचा कधी आला यावरून वेळ धरतात, आणि आकुंचनाअखेरच्या विसाव्यावर भर देतात, कारण ठोका लवकर आला काय आणि उशिरा आला काय, तो विसावा ठोक्यानंतर बहुधा तेवढ्याच अंतरावर असतो. अध्यक्षमहाराजांचा हात घंटेकडे गेलेला मला दिसतो आहे. प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पाठवाव्यात; मी बसतो.